पंचेचाळीसची मर्यादा आणि वाशिमचे सोयाबीन

पामतेलाच्या आयातीवर भारताला ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावता येते. सोयाबीनच्या तेलावर मात्र ४५ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. ही मर्यादा संसदेने कायदा करून घातलेली नाही की कोणत्या न्यायालयाने सांगितलेली नाही. जागतिक व्यापार संघटनेला भारताने जी शुल्कांची यादी बांधून दिली आहे, तिच्यात हे दोन्ही आकडे लिहिलेले आहेत. उद्या केंद्र सरकारने सोयातेलावर ५० टक्के शुल्क लावले, तर अर्जेंटिना, ब्राझील किंवा अमेरिका संघटनेकडे जिनिव्हात तक्रार गुदरू शकेल आणि त्या तक्रारीत भारताची बाजू लंगडी असेल.

या यादीशी वाशिम जिल्ह्याचा थेट संबंध आहे. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांत खरिपाचा हिशेब सोयाबीनवर ठरतो. सोबत तूर आणि काही भागात कपाशी. कारखानदारी नावापुरती. नीती आयोगाने २०१८ मध्ये देशातले मागे राहिलेले जिल्हे निवडले, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत वाशिमचे नाव होते. अशा जिल्ह्यात सोयाबीनचा भाव क्विंटलमागे पाचशे रुपयांनी हलला, की कापड दुकानापासून शाळेच्या फीपर्यंत सगळे हलते.

दिवाळीच्या तोंडावर जिल्ह्यातल्या कोणत्याही बाजार समितीत गेले तरी चित्र एकच दिसते. ट्रॅक्टरमधून उतरवलेल्या मालाचे ढीग, ढिगाभोवती अडते आणि खरेदीदार. एक जण मूठभर दाणे उचलतो, तळहातावर पसरतो, एक दाणा दाताखाली फोडून ओल बघतो. काडीकचरा किती, डागी दाणा किती, हे नजरेनेच ठरते आणि हर्रास सुरू होतो. दोन-चार मिनिटांत पाच महिन्यांच्या मेहनतीचा आकडा ठरतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. बाजारातला सर्वसाधारण भाव मात्र चार हजार ते साडेचार हजारांत घुटमळत होता. सरकारी खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नव्हता. विधानसभा निवडणूक तोंडावर आल्यावर, नोव्हेंबरमध्ये, ही अट १५ टक्क्यांपर्यंत सैल झाली. तोवर अनेकांनी माल व्यापाऱ्याला देऊन टाकला होता. रब्बीची पेरणी आणि मजुरांचे पैसे थांबत नाहीत.

हर्रासात जिनिव्हाचे नाव कोणी घेत नाही. पण खरेदीदाराच्या डोक्यातल्या गणितात ते असते. क्विंटलभर सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघते आणि ८० किलोच्या आसपास ढेप. तेलाचा भाव आयातीवर ठरतो, कारण देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. ढेपेचा भाव निर्यातीवर आणि कोंबडीखाद्याच्या मागणीवर ठरतो. अलीकडे मका आणि तांदळापासून इथेनॉल काढताना उरणारा चोथा स्वस्तात मिळू लागला आणि त्याने कोंबडीखाद्यातली सोयाढेपेची जागा खाल्ली. त्यामुळे भाव पडण्याचे सगळे खापर आयात तेलावर फोडणे खरे ठरणार नाही. पण तेलाचा वाटा मोठा आहे, आणि त्या वाट्यावर सरकारच्या हातात असलेले मुख्य हत्यार म्हणजे आयात शुल्क. त्या हत्याराची लांबी ४५.

हा आकडा आला कुठून? व्यापार संघटनेच्या आधीच्या गॅट कराराच्या जुन्या वाटाघाटींत भारताने काही मालांवरची शुल्के बांधून दिली होती. सोयातेल त्यात होते. तेव्हा वाशिमच्या शिवारात सोयाबीन नव्हते. ज्वारी, कापूस, तूर, मूग, उडीद होते. जे पीक आपण घेतच नव्हतो, त्याच्या तेलावर सवलत द्यायला दिल्लीचे फारसे काही जाणार नव्हते. गॅटच्या शेवटच्या, उरुग्वे फेरीत, ज्या शेतमालावर आधी वचन दिलेले नव्हते, त्यावर विकसनशील देशांना स्वतःची कमाल मर्यादा सांगण्याची मुभा मिळाली. भारताने पामतेलाला ३०० लिहिले. सोयातेलाला हात लावता आला नाही, कारण तिथे जुना शब्द आडवा आला. १५ एप्रिल १९९४ रोजी मराकेशमध्ये तत्कालीन वाणिज्यमंत्री प्रणव मुखर्जी यांनी सही केली, १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना सुरू झाली, आणि त्याच दशकात विदर्भात ज्वारीची जागा सोयाबीन घेऊ लागले.

पामतेलावर ३०० टक्के लावायची मोकळीक असून उपयोगही मर्यादितच. पाम महाग केले की आयातदार सोयातेलाकडे वळतो. दोन्ही तेले एकमेकांची जागा घेतात. म्हणजे सगळ्यात खालची मर्यादा हीच साऱ्या खाद्यतेलांची खरी मर्यादा होऊन बसते.

इथे एक सोपा निष्कर्ष तयारच असतो: देशाने सार्वभौमत्व गहाण टाकले. तो काढण्याआधी वाशिमनेच भोगलेला एक तह आठवायला हवा, कारण सार्वभौमत्व खरोखर गहाण पडते तेव्हा काय होते हे या जिल्ह्याने जवळजवळ एक शतक पाहिले आहे.

१८०३ मध्ये अडगाव आणि गाविलगडच्या पराभवानंतर नागपूरच्या भोसल्यांनी देवगावचा तह केला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला. इंग्रजांनी तो निजामाला दिला. पुढे निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली, हैदराबाद कंटिंजंट नावाचे सैन्य उभे राहिले. त्याची एक छावणी वाशिमच्या शेजारी हिंगोलीत होती. सैन्याचा पगार थकला, कर्ज चढले, आणि मे १८५३ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात निजामाने सैन्याच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिला. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा, आणि खर्च जाऊन उरेल ते निजामाला परत, असा बोलीचा व्यवहार. १८६० च्या तहात निजामाने हिशेब मागण्याचा हक्कही सोडला. वऱ्हाड परत मिळावा म्हणून निजामाचा दिवाण सालारजंगाने हयात खर्ची घातली. हाती काही आले नाही. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमचा मक्त्याने घेतला. मक्त्याने दिलेल्या शेताचा सातबारा मालकाच्या नावावर राहावा आणि मालकाने धुऱ्यावर पाय ठेवायलाही दुसऱ्याची परवानगी मागावी, तशी गत झाली.

या व्यवहारातून निघालेला तिढा विलक्षण होता. वाशिम, तेव्हाचे बासिम, १९०५ पर्यंत जिल्ह्याचे ठिकाण होते, नंतर अकोल्यात विलीन झाले. तिथला माणूस इंग्रजांना सारा भरत होता, इंग्रजांच्या कचेरीत दावा लावत होता, पण कायद्याच्या भाषेत तो ब्रिटिश हिंदुस्थानात राहतच नव्हता. मध्य प्रांताच्या कायदेमंडळासाठी वऱ्हाडातले मतदार आपला प्रतिनिधी निवडून देत आणि मग कागदोपत्री त्याची नियुक्ती करावी लागे, कारण परक्याच्या मुलखातून थेट निवडून आलेला सभासद घेता येत नव्हता. १९३६ च्या करारात निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा एकदा समारंभाने मान्य करण्यात आले आणि त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. किताब हैदराबादला, सारा नागपूरला. १९४७ मध्ये इंग्रजांची सत्ता गेली, तहांचा आधार गेला, तेव्हा निजामाने वऱ्हाडावर हक्क सांगून पाहिला. सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर तो विषय संपला.

१८५३ ते १९४७ या चौऱ्याण्णव वर्षांत चार वेळा करार झाले. चारही वेळा दोन बाजू सह्या करत होत्या आणि तिसरी बाजू, म्हणजे ज्यांच्या जमिनीचा सौदा होत होता ती माणसे, त्या खोलीत नव्हती.

जागतिक व्यापार संघटनेचा करार या जातीचा नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. भारत तिथे स्वतंत्र देश म्हणून गेला. बाहेर पडायचे तर सहा महिन्यांची नोटीस पुरते. करार मोडला तर कोणी छावणी टाकत नाही. फार तर समोरचा देश आपल्या मालावर तेवढ्याच किमतीचे शुल्क लावतो. आणि करारातून मिळतेही. आपल्या औषधांना, कापडाला, तांदळाला बाहेरचे बाजार याच नियमांच्या आधारे उघडे राहतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१ नुसार आंतरराष्ट्रीय करारांविषयी आदर वाढवणे हे शासनाचे मार्गदर्शक तत्त्व आहे. शब्द पाळणाऱ्या देशाच्या शब्दाला बाजारात किंमत असते.

मग दुखणे कुठे आहे? ४५ च्या मर्यादेखाली दिल्लीने स्वतः काय केले, ते पाहिले की कळते.

१९८६ मध्ये तेलबिया तंत्रज्ञान मोहीम सुरू झाली आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. १९९४ मध्ये पामोलिनची आयात ६५ टक्के शुल्कावर खुली झाली. १९९५ मध्ये बहुतेक खाद्यतेलांवर शुल्क ३० टक्के झाले, १९९८ मध्ये १५ टक्के. व्यापार संघटना ४५ आणि ३०० ची परवानगी देत असताना सरकार १५ वर उतरले होते. अलीकडचा हिशेबही तसाच. ऑक्टोबर २०२१ मध्ये कच्च्या सोयातेलावरचे मूळ शुल्क शून्यावर आले. मे २०२२ मध्ये कच्चे सोयातेल आणि सूर्यफूल तेल प्रत्येकी २० लाख टन विनाशुल्क आणण्याची मुभा दोन वर्षांसाठी दिली गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये मूळ शुल्क २० टक्के झाले. अधिभार धरून साडेसत्तावीस. मे २०२५ च्या अखेरीस, म्हणजे शेतकरी बियाणे घ्यायच्या तयारीत असताना, ते पुन्हा १० टक्क्यांवर आणले गेले. अधिभार धरून साडेसोळा. जिनिव्हाने यातले एकही पाऊल उचलायला सांगितलेले नव्हते. ४५ पर्यंतची जागा रिकामी पडून होती.

ऑगस्ट २०२१ ची गोष्ट वाशिमकर विसरलेले नाहीत. सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेले होते. कोंबडीखाद्य महागल्याची तक्रार झाली आणि केंद्राने १२ लाख टन जनुकबदल सोयाढेप आयात करायला परवानगी दिली. ज्या देशात जनुकबदल सोयाबीन पेरायला बंदी आहे, त्याच देशाने त्याची ढेप आणली. नवा माल बाजारात येईपर्यंत भाव निम्म्यावर आला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये कपाशीची पाळी आली. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लादण्याच्या सुमारास कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत माफ झाले. हेही कोणत्या करारातले बंधन नव्हते. कापडगिरण्यांची गरज होती, ती भागवली गेली.

ग्राहकाला स्वस्त तेल मिळावे ही सरकारची चिंता खोटी नाही. वाशिमचा शेतमजूरही तेल विकत घेऊनच खातो, आणि तेलाचा डबा महागला की त्याचे हाल आधी होतात. पण स्वस्ताईचा भार कोणावर टाकायचा हा देशांतर्गत निर्णय आहे. तो घ्यायचा दिल्लीने आणि बोट दाखवायचे जागतिक व्यापार संघटनेकडे, ही सवय मात्र सार्वभौमत्वाची नव्हे. जबाबदारी टाळण्याची आहे.

शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी हेच वेगळ्या शब्दांत सांगत असत. व्यापार संघटनेच्या कराराचा मसुदा असलेल्या डंकेल प्रस्तावाविरुद्ध देशभर मोर्चे निघत होते, कर्नाटकात नंजुंडस्वामींच्या रयत संघाने १९९२ च्या डिसेंबरात बेंगळुरूच्या कारगिल कंपनीच्या कार्यालयावर हल्ला केला होता. तेव्हा जोशींच्या संघटनेने डंकेलच्या बाजूने उभे राहायचे ठरवले. विदर्भातल्या गावागावांतल्या बिल्लेवाल्या कार्यकर्त्यांना ते पचवायला वेळ लागला. जोशींचा मुद्दा असा होता, की भारतातल्या शेतकऱ्याला मिळणारे अनुदान प्रत्यक्षात उणे आहे. निर्यातबंदी, साठाबंदी आणि लेव्हीने त्याला लुटणारे सरकार परदेशी व्यापाऱ्यापेक्षा जास्त घातक आहे. आंतरराष्ट्रीय करारामुळे या सरकारचे हात बांधले जाणार असतील तर बरेच आहे. या मांडणीतला अर्धा भाग काळाने खरा ठरवला. अर्धा नाही ठरवला: करारांनी सरकारचे हात शुल्क वाढवताना बांधले, कमी करताना आणि निर्यात रोखताना मोकळे ठेवले. श्रीमंत देशांची अनुदानेही त्यांनी कबूल केली तशी आटली नाहीत.

बांधलेला हात सोडवताही येतो, आणि भारताने तो सोडवलेला आहे. ज्वारीचे उदाहरण विदर्भाने लक्षात ठेवावे. ज्वारी, मका, तांदूळ, दूध पावडर अशा काही मालांवर भारताने जुन्या काळात शून्य टक्के शुल्काचे वचन देऊन ठेवले होते. १९९९-२००० मध्ये गॅटच्या अनुच्छेद २८ खाली पुन्हा वाटाघाटी करून ही शून्ये खोडण्यात आली आणि बहुतेक ठिकाणी ६० ते ८० टक्क्यांची मर्यादा मिळवण्यात आली. ते फुकट झाले नाही. बदल्यात मका आणि दूध पावडरीचा ठरावीक कोटा कमी शुल्कात येऊ द्यावा लागला. जून २०२० मध्ये, टाळेबंदीत दुधाचे भाव पडलेले असताना, त्याच कोट्यातून १० हजार टन दूध पावडर आणि ५ लाख टन मका १५ टक्के शुल्कात आणण्याची अधिसूचना निघाली आणि महाराष्ट्रात दूध उत्पादक रस्त्यावर उतरले. वीस वर्षांपूर्वीचा सौदा असा अंगावर आला. तरी धडा पक्का आहे: किंमत मोजायची तयारी असेल तर आकडा बदलता येतो. सोयातेलाचा ४५ हा आकडा बदलण्यासाठी ती किंमत कधी मोजली गेली नाही.

बियाण्यांच्या बाबतीत तर भारताने करारात राहूनच आपली वाट काढली. बौद्धिक संपदेच्या करारानुसार पिकांच्या वाणांना पेटंट द्या किंवा स्वतःची परिणामकारक व्यवस्था करा, असे दोन पर्याय होते. भारताने दुसरा घेतला आणि २००१ मध्ये पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा केला. त्याच्या कलम ३९ नुसार शेतकरी संरक्षित वाणाचेही बियाणे राखू शकतो, पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो, विकूही शकतो. फक्त कंपनीचे नाव लावून विकता येत नाही. मे महिन्यात वाशिमच्या एखाद्या घरात गोणपाटाचा ओला तुकडा अंथरलेला असतो, त्यावर दहा-दहाच्या ओळींत सोयाबीनचे शंभर दाणे मांडलेले असतात. गुंडाळी करून ठेवायची, पाणी शिंपडत राहायचे, सहा-सात दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर उगवले तर घरचे बियाणे चालते, कमी उगवले तर एकरी प्रमाण वाढवायचे. कृषी सहायक दरवर्षी हे करायला सांगतात. मागच्या वर्षीचे फुले संगम किंवा जेएस-३३५ असे घरचेच पेरण्याचा हा हक्क टिकला, कारण कोणीतरी करारातला पर्याय नीट वाचला होता. २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने गुजरातमधल्या बटाटा उत्पादकांवर दावे लावले आणि मग मागे घेतले, तेव्हाही शेतकऱ्यांचा आधार हेच कलम होते.

उलट, करार नीट न राखल्याची खूण नेपाळच्या सीमेवर दिसते. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारात नेपाळचा माल भारतात विनाशुल्क येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये भारताने शुल्क वाढवताच नेपाळहून येणाऱ्या शुद्ध सोयातेलाचा ओघ फुगला. नेपाळात एवढे सोयाबीन पिकत नाही. कच्चे तेल परदेशातून आणायचे, तिथे शुद्ध करायचे, आणि नेपाळी माल म्हणून सीमा ओलांडायची. वाशिमच्या शेतकऱ्यासाठी घातलेली भिंत नेपाळ सीमेवरच्या रक्सौलजवळ उघडी होती, आणि तेल उद्योगाच्या संघटना सरकारला तेच लिहून कळवत होत्या.

या सगळ्या निर्णयांत वाशिमचा आवाज कुठे आहे? घटनेत पाहिले तर कुठेच नाही. केंद्र सूचीतली १४ वी नोंद परदेशांशी करार करणे आणि ते अमलात आणणे केंद्राकडे देते. योगायोग असा, की राज्य सूचीतली १४ वी नोंद शेतीची आहे. अनुच्छेद २५३ या दोन नोंदींतला वाद केंद्राच्या बाजूने मिटवतो: करार पाळण्यासाठी संसद राज्याच्या विषयावरही कायदा करू शकते. आणि करार करण्यासाठी तर संसदेचीही गरज नाही. मंत्रिमंडळाची मंजुरी पुरते. १९६० च्या बेरुबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की देशाची जमीन दुसऱ्याला द्यायची तर घटनादुरुस्ती लागेल. त्यानुसार २०१५ मध्ये बांगलादेशाशी छोट्या भूखंडांची अदलाबदल करायला शंभरावी घटनादुरुस्ती झाली. जमीन द्यायला संसदेचे दोन-तृतीयांश बहुमत, आणि त्या जमिनीवर पिकणाऱ्या मालाचा बाजार द्यायला मंत्रिमंडळाची एक बैठक.

सगळेच देश असे करत नाहीत. जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. ब्रिटनच्या २०१० च्या कायद्याप्रमाणे असा करार संसदेपुढे कामकाजाचे २१ दिवस ठेवावा लागतो आणि कनिष्ठ सभागृह तो अडवू शकते. स्वित्झर्लंडचे उदाहरण तर थेट तेलाचे आहे. इंडोनेशियाशी झालेल्या व्यापार करारात पामतेलाला सवलत होती. पर्यावरणवाद्यांनी आणि शेतकऱ्यांनी सह्या गोळा करून जनमत मागितले, आणि ७ मार्च २०२१ रोजी अख्ख्या देशाने त्या करारावर मतदान केले. ५१.६ टक्के लोक बाजूने होते म्हणून करार वाचला. जगातल्या सर्वांत मोठ्या खाद्यतेल आयातदार देशात मात्र पामतेलाच्या सवलतीचा आसियान करार २०१० मध्ये लागू झाला तो संसदेच्या मंजुरीवाचून.

घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या व्यंकटचलय्या आयोगाने २००२ मध्येच करार करण्याच्या अधिकारावर संसदेने कायदा करावा अशी शिफारस केली होती. कोणत्याच पक्षाच्या सरकारला ती सोयीची वाटली नाही. वाटाघाटी गुप्त ठेवाव्या लागतात, सगळेच पत्ते उघडे करता येत नाहीत, हा युक्तिवाद खरा आहे. पण वाटाघाटी गुप्त ठेवणे वेगळे आणि झालेला मसुदा लागू होण्याआधी न दाखवणे वेगळे. ब्रिटन पहिले करतो, दुसरे करत नाही.

कायदा होईल तेव्हा होवो; दोन गोष्टी त्याआधीही होऊ शकतात. प्रत्येक व्यापार करारातला शेतीचा भाग सही झाल्यावर, पण लागू होण्याआधी, राज्यांकडे पाठवावा आणि राज्यांनी तो विधिमंडळात ठेवावा. महाराष्ट्राने तशी मागणी केली तर केंद्राला ती नाकारण्याचे कारण सांगावे लागेल. दुसरे, खाद्यतेलावरचे शुल्क कधी आणि किती बदलायचे याचा एक जाहीर नियम असावा. जागतिक भाव अमुक पातळीच्या खाली गेला तर शुल्क वर, वर गेला तर खाली, आणि पेरणी ते काढणी या काळात शुल्ककपात नाही. ४५ च्या आत राहून हे सगळे करता येते, जिनिव्हाची परवानगी लागत नाही. मे २०२५ सारखी कपात मग पेरणीच्या तोंडावर होणार नाही.

हे विचारायची वेळ आताच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारत-अमेरिका व्यापार कराराच्या वाटाघाटी सुरू झाल्या. मका आणि सोयाबीन विकायची अमेरिकेची इच्छा लपलेली नाही. जनुकबदल सोयाबीनचे तेल भारतात वर्षानुवर्षे येते, पण दाणा येत नाही; ही रेघ अमेरिकेला पुसायची आहे. शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमारांच्या हिताशी तडजोड करणार नाही, असे पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले. शब्द चांगला आहे. तो मसुद्यात कोणत्या कलमात उतरला ते बघायला मिळाले पाहिजे. वाशिम जिल्हा लोकसभेच्या दोन मतदारसंघांत विभागलेला आहे: रिसोडचा भाग अकोल्यात, बाकीचा यवतमाळ-वाशिममध्ये. म्हणजे जिल्ह्याच्या वाट्याला एक नव्हे, दोन खासदार आहेत. त्यांनी लोकसभेत विचारायचे प्रश्न अवघड नाहीत. सोयातेलाचे शुल्क नव्या करारात ४५ च्याही खाली बांधून दिले जाणार आहे का? जनुकबदल दाण्याला कोटा आहे का? नेपाळच्या वाटेवर मालाचे मूळ कोण तपासते? आणि १९९९ मध्ये ज्वारीसाठी जे केले, ते सोयातेलासाठी करण्याचा प्रस्ताव मंत्रालयाने कधी तयार केला होता का? या प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत, आणि ती येतील तेव्हा सोंगणीच्या आधी जिल्ह्यातल्या सहाही बाजार समित्यांच्या फलकांवर लावावीत.